सार्जंट वॉटर्सला कोणी मारले?

रहस्यकथा वाचणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते, खुनी कोण ते कळायला हवे. ते एकदा कळले की पुस्तक मिटायचे, दिवा मालवायचा आणि स्वस्थ झोपायचे. आम्ही याच वाचनावर वाढलो. अब्बांच्या उशाशी इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' असायची आणि आमच्या दप्तरात भूगोलाच्या पुस्तकाखाली बाबूराव अर्नाळकर. दोन्हींकडे शेवटच्या पानावर हिशेब चुकता व्हायचा. पुढे एक चित्रपट असा पाहण्यात आला की खुनी सापडल्यावरच आमची झोप उडाली.

चित्रपटाचे नाव 'अ सोल्जर्स स्टोरी'. तो १९८४ साली आला. चार्ल्स फुलर या कृष्णवर्णीय नाटककाराने १९८१ मध्ये 'अ सोल्जर्स प्ले' हे नाटक लिहिले. त्याला १९८२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि पटकथाही त्यानेच लिहिली. दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन हा कॅनडाचा गोरा माणूस. दक्षिणेतल्या गावात खुनाचा तपास करणारा काळा पोलीस अधिकारी त्याने १९६७ च्या 'इन द हीट ऑफ द नाइट'मध्ये आधीच रंगविला होता. फुलर स्वतः १९५९ ते १९६२ या काळात सैन्यात होता. बराकीतली माणसे कशी बोलतात, कशी गप्प राहतात, हे त्याला ऐकून माहीत नव्हते, राहून माहीत होते.

कथेचा काळ १९४४. लुइझियाना राज्यातला फोर्ट नील हा (काल्पनिक) लष्करी तळ. तळावरच्या काळ्या शिपायांची तुकडी वेगळी, बराकी वेगळ्या, आणि वर हुकूम सोडणारे अधिकारी गोरे. वंशश्रेष्ठत्वाचा डांगोरा पिटणाऱ्या हिटलरशी लढायला निघालेल्या सैन्यातच ही शिवाशिव होती. 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९४२ मध्ये दुहेरी विजयाची मोहीम काढली होती: एक विजय परदेशी शत्रूवर, दुसरा घरच्या अन्यायावर. दहा लाखांहून अधिक काळे पुरुष आणि स्त्रिया त्या युद्धात गणवेशात होत्या. सैन्यातला भेदभाव मोडण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो २६ जुलै १९४८ ला, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षे झाल्यावर.

अशा तळाबाहेरच्या रस्त्यावर एका रात्री सार्जंट व्हर्नन वॉटर्स याला कोणी तरी गोळ्या घालतो. वॉटर्स काळा, दारूच्या नशेत. मरण्यापूर्वी तो हसत हसत एवढेच बरळतो की काहीही करा, ते तुमचा द्वेषच करतात. तपासासाठी वॉशिंग्टनहून कॅप्टन डेव्हनपोर्ट येतो. तो वकील आहे, अधिकारी आहे आणि काळाही आहे. बराकीतल्या पोरांनी आयुष्यात पहिल्यांदाच काळा अधिकारी पाहिलेला असतो. त्यांची छाती फुगते आणि गोऱ्या कॅप्टन टेलरच्या कपाळाला आठ्या पडतात. टेलरचे म्हणणे व्यवहाराचे आहे: खुनी गोराच असणार, आणि काळ्या माणसाने गोऱ्याला पकडलेले या मुलखात कोणी चालू देणार नाही.

खुनी गोराच असणार, असे आम्हालाही वाटले. तसे वाटण्यात गैर काही नव्हते. फेलिक्स हॉल नावाचा १९ वर्षांचा काळा शिपाई १९४१ साली जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंग या खऱ्याखुऱ्या तळावरून बेपत्ता झाला. मार्चच्या अखेरीस तळाच्याच रानातल्या एका घळीत त्याचा देह सापडला, गळ्यात फास, अंगावर गणवेश, हात मागे बांधलेले. तरीही ही आत्महत्या असू शकेल, असे सुचविणारे अधिकारी निघालेच. केंद्रीय तपास यंत्रणेने चौकशी केली, पण खटला कोणावरच झाला नाही. तळावर त्याच्या नावाचा फलक लागायला २०२१ उजाडावे लागले. हे माहीत असणाऱ्याने वॉटर्सच्या खुनाचा संशय प्रथम कू क्लक्स क्लॅनवर घ्यावा आणि मग त्या रात्री त्याला मारहाण करणाऱ्या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांवर घ्यावा, यात पूर्वग्रह कसला? तो अनुभव आहे. ते दोघे मारहाण कबूलही करतात. पण गोळी त्यांची नसते.

डेव्हनपोर्ट एकेका शिपायाला समोर बसवतो आणि प्रत्येकाच्या आठवणीतून मेलेला वॉटर्स थोडा थोडा उभा राहतो. अडॉल्फ सीझर या नटाने तो असा काही उभा केला आहे की त्याचा खरखरीत आवाज आठवडाभर कानातून जात नाही. वॉटर्स पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेला आहे. कडक, कष्टाळू, मुलांना गोऱ्यांबरोबर मोठ्या कॉलेजात शिकवायची स्वप्ने पाहणारा. वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरणारा, पोरांच्या शिक्षणासाठी स्वतःच्या पोटाला चिमटा घेणारा असा माणूस आपल्याही प्रत्येक मोहल्ल्यात असतो, आणि त्याचे उपकार असतात. म्हणून वॉटर्सचा राग येण्याआधी आम्हाला त्याच्याविषयी आदर वाटला, हे सांगितले पाहिजे.

त्याला एकच माणूस सहन होत नाही. मिसिसिपीहून आलेला सी. जे. मेम्फिस. गिटार वाजवून गाणारा, हसरा, खेड्यातला भाबडा पोरगा. तुकडीच्या बेसबॉल संघातला सर्वांत जोरकस फलंदाज. तो कोणाचे वाईट करीत नाही. पण तो बोलतो खेडवळ, गातो खेडवळ, आणि गोरे त्याच्या गाण्यावर माना डोलावतात. नेमके तेच वॉटर्सला सुईसारखे टोचते. फ्रान्समधला एक किस्सा तो सांगतो. गोऱ्या सैनिकांनी एका अडाणी काळ्या शिपायाला पैसे देऊन शेपूट लावले आणि हॉटेलात माकडासारखे नाचवले. त्या शिपायाचा गळा वॉटर्सने आणि त्याच्या सोबत्यांनी चिरला. शेपूट लावणाऱ्यांना कोणी हात लावला नाही. हे सांगताना वॉटर्सला यात काही विसंगत आहे असे वाटतच नाही, आणि आम्ही तो प्रसंग पाहताना शहारलो ते गळा चिरण्याने नव्हे, या न वाटण्याने.

मग तो सी. जे.च्या खाटेखाली पिस्तूल ठेववतो, त्याला डिवचून आपल्यावर हात उचलायला लावतो आणि कोठडीत टाकतो. कोठडीच्या गजांशी जाऊन सांगतो की तुझ्यासारख्यांना पोसणे आपल्या जमातीला आता परवडणार नाही. यापूर्वीही दुसऱ्या तळांवर त्याने अशी काही पोरे तुरुंगात धाडलेली असतात. मोकळ्या रानातला सी. जे. त्या चार भिंतींत गुदमरतो आणि गळफास घेतो. इथून वॉटर्स आतून ढासळू लागतो. ज्यांच्यासाठी एवढी साफसफाई केली, त्यांच्या नजरेत आपली किंमत तसूभरही वाढलेली नाही, हे त्याच्या ध्यानात येते. शेवटच्या रात्रीचे त्याचे बरळणे त्यातूनच आलेले.

खुनी निघतो पीटरसन. डेन्झेल वॉशिंग्टन तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नव्हता, त्याने ही भूमिका केली आहे. पीटरसन हुशार आहे, मानी आहे, वॉटर्सला तोंडावर उलटून बोलणारा तो एकटाच. सबंध चित्रपटभर आमची सहानुभूती त्याच्याकडे होती आणि आजही ती पुरती आटलेली नाही. सी. जे.चा सूड म्हणून त्याने वॉटर्सला मारले. पकडल्यावर तो म्हणतो त्याचा मथितार्थ असा, की अशी घाण काढूनच टाकावी लागते. डेव्हनपोर्ट त्याला विचारतो की आपल्यात राहायला कोण लायक आणि कोण नालायक, हे ठरवण्याचा अधिकार तुला दिला कोणी?

हा प्रश्न आम्ही कित्येक दिवस उलटापालटा करून पाहिला. पीटरसनने जे केले त्याची भाषा वॉटर्सचीच आहे. एकाला भाबडा माणूस जमातीवरचा डाग वाटला, दुसऱ्याला तो डाग पुसायला निघालेला माणूसच डाग वाटला. पुसायचे हे दोघांचेही ठरलेले. गोऱ्या अधिकाऱ्यांचा तिरस्कार करणाऱ्या पीटरसनने गोळी झाडली ती मात्र काळ्या माणसावर. ती झाडणे सोपे होते म्हणून का? फुलरने याचे उत्तर दिलेले नाही.

फुलरवरही हाच प्रसंग ओढवला. अमिरी बराका हा कृष्णवर्णीयांच्या चळवळीतला मोठा कवी-नाटककार. त्याने या नाटकावर आणि पुलित्झरवर कडाडून टीका केली. हे नाटक गोऱ्या प्रेक्षकाला सोयीचे आहे, असा तिचा रोख होता. आपल्या शब्दांत सांगायचे तर, घरची धुणी दुसऱ्यांच्या अंगणात धुतली. बराकाच्या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही; गोरे निर्दोष सुटले की गोऱ्या प्रेक्षकाला हायसे वाटतच असेल. पण खरा काळा लेखक कोणता, हे ठरवण्याचा अधिकार बराकाला कोणी दिला, हा डेव्हनपोर्टचा प्रश्न तिथेही येऊन उभा राहतोच!

हे वाचताना आपल्या वाचकांना हमीद दलवाई आठवतील. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला तेव्हा दलवाईंनाही हेच ऐकावे लागले. त्यांची सगळीच मते आम्हाला पटतात असे नाही. परंतु समाजातले दोष दाखवणारा प्रत्येक माणूस वॉटर्स असतो, असे म्हणून सुटका करून घ्यायची आमची तयारी नाही. तलाकपीडित बाईला सोबत घेऊन रस्त्यावर येणारा माणूस आणि भाबड्या पोराच्या खाटेखाली पिस्तूल ठेववणारा माणूस, दोघेही आपापल्या जमातीला नावे ठेवतात. पहिला आपल्यातल्या दुबळ्याच्या बाजूला उभा राहून बोलतो. दुसरा त्या दुबळ्यालाच उचलून बाहेर फेकतो, आणि फेकताना पाहुण्यांकडे चोरून बघत असतो. एवढे म्हणूनही आम्हाला कबूल केले पाहिजे की रोजच्या जगण्यात ही रेषा इतकी ठळक दिसत नाही.

आम्हाला ती दिसली नव्हती. मास्तरकीची पहिली वर्षे होती. शाळा आपल्याच लोकांची. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा जवळ आली होती. आमच्या वर्गात कसाई मोहल्ल्यातला एक मुलगा होता, विषयाची जाण उत्तम, आवाज खणखणीत. पण घरची दखनी त्याच्या मराठीत डोकवायची. 'मी जातो' म्हणता म्हणता मध्येच 'मै जातूं' यायचे आणि तो स्वतःच खदखदून हसायचा. वरिष्ठांनी आम्हाला बोलावून सांगितले, बाहेरचे परीक्षक आहेत, आपली शोभा व्हायला नको. आम्ही मान डोलावली. त्याच्याऐवजी शिरस्तेदारांच्या मुलाला पाठवले, ज्याची मराठी सदाशिव पेठेत खपली असती. बक्षीसही मिळाले. परीक्षकांनी कौतुक केले की अरे वा, तुमची मुले किती शुद्ध बोलतात! त्या 'अरे वा'मध्ये काय होते ते आम्हाला तेव्हाही कळले होते, आणि तरी आम्ही खूश होऊन घरी आलो.

चित्रपट पाहताना म्हणूनच आमची नजर वॉटर्सवरून, पीटरसनवरून सरकून विल्कीवर खिळली. आर्ट इव्हान्सने केलेला हा विल्की कथेतला दुय्यम माणूस. पूर्वी तोही सार्जंट होता. कामावर दारू प्याला म्हणून वॉटर्सने त्याचे पट्टे काढून घेतले आणि त्याला साधा शिपाई केले. पट्टे परत मिळतील या आशेवर तो वॉटर्सच्या मागेपुढे करतो. सी. जे.च्या खाटेखाली पिस्तूल ठेवणारा हात त्याचा होता. त्याचा सी. जे.वर राग नव्हता, उलट पोरगा त्याला आवडायचा. डेव्हनपोर्ट खोदून खोदून विचारतो तेव्हा विल्की कोसळतो, आणि त्याला सांगण्यासारखे एवढेच असते की सार्जंटने सांगितले म्हणून केले.

कायद्याच्या वहीत विल्कीचे नाव खुनी म्हणून कुठेच येत नाही. सी. जे.ने स्वतः फास घेतला, वॉटर्सला पीटरसनने मारले. चित्रपटाच्या शेवटी तुकडीला युरोपात लढायला जायचा हुकूम येतो, बराकीत जल्लोष होतो, बँड वाजतो, सगळे पाय आपटत निघतात. नाटकाचा शेवट मात्र फुलरने निराळा केला होता. तिथे डेव्हनपोर्ट सांगतो की जर्मनीतल्या रूरच्या खोऱ्यात ही सबंध तुकडी, अधिकाऱ्यांसकट, मारली गेली. आम्हाला नाटकाचा शेवट अधिक खरा वाटतो, पण चित्रपटातला तो जल्लोषही खोटा म्हणवत नाही. लढायला मिळाले, म्हणजे आता आपल्याला मोजतील, असे त्या पोरांना वाटत होते.

कसाई मोहल्ल्यातला तो मुलगा आता पन्नाशीला आला आहे. स्टँडजवळ त्याचे मोटारींच्या बॅटऱ्यांचे दुकान आहे. आम्ही दिसलो की गिऱ्हाईक सोडून बाहेर येतो, "सलाम सर" म्हणतो, खुर्ची पुढे करतो, चहा मागवतो. त्याची मराठी आता अगदी शुद्ध आहे. मध्ये कुठेही 'मै जातूं' येत नाही. ते कधी थांबले, हे आम्ही त्याला अजून विचारलेले नाही.