ऊतीची संहिता आणि भाकिताचा अधिकार

चिन्ह वाचणे आणि निकाल देणे या दोन भिन्न क्रिया आहेत. साहित्यविचाराला हा भेद अपरिचित नाही. मात्र जेथे चिन्हाचा वाचक एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याविषयी बोलत असतो, तेथे हा भेद केवळ पद्धतीचा न राहता नैतिक बनतो. यकृताच्या कर्करोगात अर्बुदाच्या आत आढळणाऱ्या प्रतिकारपेशींवरून रुग्णाचे भवितव्य सांगण्याचा जो प्रयत्न गेली काही दशके चालू आहे, तो या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

अर्बुदात पांढऱ्या रक्तपेशी आढळतात हे रुडोल्फ फिर्खो याने 1863 सालीच नोंदवले होते. त्या पेशींचे अस्तित्व 'अर्थपूर्ण' आहे, ही जाणीव स्थिरावण्यास मात्र दीर्घ काळ जावा लागला. 2006 मध्ये जेरोम गॅलों व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात प्रतिकारपेशींचा प्रकार, त्यांची घनता आणि त्यांचे स्थान यांचा रुग्णाच्या जगण्याशी निकटचा संबंध दाखवून दिला. पुढच्याच वर्षी शांघायमधील संशोधकांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या यकृतातील अर्बुदांचे असेच वाचन केले. रुग्ण 302 होते. ऊतीचे पातळ छेद घेऊन, विशिष्ट पेशी तेवढ्याच रंगतील अशी प्रक्रिया करून, सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजण्यात आल्या. मारक टी-पेशींची एकूण संख्या ही एकटी घेतली असता काही सांगत नव्हती. अर्बुदातील सक्रिय मारक पेशी अधिक आणि त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी कमी, असा परस्परसंबंध जेथे होता तेथे रुग्णांचे आयुष्य अधिक आणि रोग उलटण्याचा धोका कमी होता. अर्बुदाबाहेरच्या ऊतीतील नियामक पेशींचा मात्र असा कोणताही संबंध दिसला नाही.

चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाला यातील तत्त्व ओळखीचे वाटेल. चिन्हाला स्वतःचा असा अर्थ नसतो. व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या नात्यातून तो उत्पन्न होतो. 'सैंधव आण' या वाक्याचा अर्थ जेवणाच्या वेळी मीठ आणि प्रवासाला निघताना घोडा, हे आपल्या परंपरेतील उदाहरण याच तत्त्वाचे आहे. यकृताने ते अधिक तीव्रपणे सिद्ध केले आहे. दीर्घकाळच्या दाहात प्रतिकारपेशी एकत्र येऊन लसीकाग्रंथींसारखे पुंजके तयार करतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, अर्बुदाभोवतीच्या यकृतात असे पुंजके असणे हे अशुभ लक्षण होते. भावी कर्कपेशींना तेथे आश्रय मिळत होता. 2019 सालच्या संशोधनानुसार, तसेच पुंजके अर्बुदाच्या आत असतील तर शस्त्रक्रियेनंतर रोग लवकर उलटण्याची शक्यता कमी होती. रचना सारखीच, सीमेच्या अलीकडे तिचा अर्थ एक आणि पलीकडे त्याच्या उलट. नियामक पेशींचेही तसेच. शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये म्हणून त्या दक्ष असतात आणि त्यांच्या शोधाशी निगडित कार्यासाठी 2025 चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तोच संयम अर्बुदात रोगाचे कवच होतो. ज्या पेशीला आपण 'मारक' म्हणतो तिच्याविषयी आदर आणि जिला 'नियामक' म्हणतो तिच्याविषयी संशय बाळगण्याचे कारण ऊतीत नाही; ते आपण दिलेल्या नावांत आहे.

अर्थ इतका संदर्भाधीन असेल, तर भाकिताची प्रतिष्ठा कशावर उभी राहते? न्यायशास्त्राने या प्रश्नाची एक काटेकोर मांडणी केलेली आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष आहे. अग्नीवरून धुराचे अनुमान सदोष आहे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओले सरपण लागते, आणि या न उच्चारलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. प्रतिकारपेशींवरून केलेले अनुमान बहुतांशी असेच सोपाधिक आहे. यकृताचा मूळ विकार हिपॅटायटिस बी विषाणूचा की चरबी साठण्यातून झालेला, शस्त्रक्रिया झाली की नाही, नंतर कोणते उपचार उपलब्ध होते, ही सारी ओली सरपणे आहेत. अशा अनुमानाला असत्य म्हणता येणार नाही. ते अपूर्ण आहे. अपूर्ण विधान पूर्णतेच्या आवाजात उच्चारले जाते, तेव्हाच ते असत्याच्या बाजूला झुकते.

त्याहून गंभीर अडचण विधानाच्या विषयाची आहे. 302 जणांच्या वाचनातून निघालेले वाक्य समूहाविषयीचे असते, तर समोर बसलेला रुग्ण हा एक असतो. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 मध्ये उदरपोकळीच्या आवरणाचा एक दुर्मीळ कर्करोग झाला. त्या रोगाविषयीच्या ग्रंथांत जगण्याच्या काळाचा मध्यक आठ महिने असा दिलेला होता. 1985 साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी दाखवून दिले की, मध्यक म्हणजे निम्मे लोक ज्याच्या पलीकडे जगतात असा बिंदू. ती कोणा एकाची आयुष्यमर्यादा नव्हे. ते पुढे वीस वर्षे जगले आणि 2002 मध्ये दुसऱ्याच कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. या उदाहरणातून चमत्काराची आशा काढणे चुकीचे ठरेल. त्यातून निघते ते एवढेच की, समूहाचे वाक्य व्यक्तीला लावताना मध्ये एक दरी असते आणि ती ओलांडणाऱ्याने आपण ती ओलांडत आहोत हे जाणले पाहिजे.

येथवरचा प्रश्न ज्ञानाचा होता. तो नीतीचा होतो, कारण रोगाविषयीचे भाकीत जगाबाहेर उभे राहून केले जात नाही. ग्रहणाचे भाकीत ग्रहणावर परिणाम करीत नाही. 'हिच्या अर्बुदात मारक पेशी विरळ आहेत, हाती फार लागणार नाही' हे वाक्य मात्र उपचाराची तीव्रता, कुटुंबाचा खर्च करण्याचा निश्चय आणि रुग्णाची उमेद या तिन्हींवर परिणाम करते. उपचार आवरता घेतला गेला की भाकीत खरे ठरते आणि त्या खरेपणात स्वतः भाकिताचा वाटा किती, हे नंतर मोजता येत नाही. उलट, जग बदलले की जुने चिन्ह नवा अर्थ धारण करते. 2007 च्या वाचनामागे शस्त्रक्रियेचे जग होते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या यकृतकर्करोगात, प्रतिकारपेशींवरील आवर सैल करणारे अॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी आधीच्या सोराफेनिबहून सरस ठरली. दबलेल्या पेशीला जागे करणारे औषध हाती असेल, तर 'दबलेली पेशी' या चिन्हाचा अर्थ पूर्वीचाच राहील असे गृहीत धरता येत नाही. आणि ते औषध ज्याला परवडत नाही त्याच्या बाबतीत तेच चिन्ह जुन्या जगातच राहते. म्हणजे ज्याला आपण ऊतीत लिहिलेले भवितव्य समजतो, त्यातील काही अक्षरे समाजाने लिहिलेली असतात.

अशा वाचनाच्या बोलण्याचे नियम आपल्या परंपरेला अज्ञात नव्हते. चरकसंहितेतील इंद्रियस्थान हा संपूर्ण भाग मृत्युसूचक अरिष्टांच्या वाचनाला वाहिलेला आहे, आणि त्याच्या अखेरच्या अध्यायात वैद्याला बजावले आहे की, मरणाची चिन्हे दिसली तरी विचारल्यावाचून ती सांगू नयेत. आणि विचारले तरी, ज्या सांगण्याने रुग्णाला वा अन्य कोणाला आघात होईल ते बोलू नये. वाचण्याचा अधिकार आणि उच्चारण्याचा अधिकार येथे स्पष्टपणे वेगळे केले आहेत. आजच्या नीतीला यातील मौन जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. आपल्या शरीराविषयीचे सत्य जाणण्याचा रुग्णाचा हक्क आता मान्य झालेला आहे, आणि आघाताच्या भयाने राखलेले मौन पुष्कळदा सांगणाऱ्याच्याच सोयीचे असते.

तरीही चरकाचा भेद टाकून देण्याजोगा नाही. त्याची जागा बदलायला हवी. प्रश्न 'सांगावे की सांगू नये' असा न राहता 'काय सांगितले म्हणजे सत्य सांगितले' असा झाला पाहिजे. सोपाधिक अनुमान उपाधीसह उच्चारणे, समूहाचे वाक्य समूहाचे म्हणून उच्चारणे, आणि कोणती अक्षरे पेशींनी लिहिली व कोणती उपचारांच्या अभावाने, हे वेगळे दाखवणे, एवढे केले तर चिन्ह हे चिन्ह राहते. त्यातील काही गाळले की त्याचा निकाल होतो. साहित्याच्या वाचकाने असा निकाल दिला तर संहितेचे फारसे बिघडत नाही. ती दुसऱ्या वाचकाची वाट पाहू शकते. रुग्णाला तेवढा अवकाश नसतो.