सायकली राखणारी

दिवेआगर सोडून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला निघालं की रस्ता समुद्राला इतका खेटून जातो की ओठांवर खारट चव येते. बायकांच्या सायकल गटांचा हा लाडका पट्टा. वर्दळ कमी, चढ आवाक्यातले आणि फोटो हमखास. पुढे हरिहरेश्वर, मग बागमांडल्याच्या धक्क्यावर सायकली फेरीबोटीत चढवायच्या आणि खाडीपलीकडे वेसवीला उतरायचं. हरिहरेश्वरचा थांबा जवळपास ठरलेलाच. हेल्मेट हँडलला अडकतं, पॅडेड शॉर्ट्सवरून ओढणी गुंडाळली जाते, घामेजलेल्या कपाळावरून रुमाल फिरतो आणि मंडळी दर्शनाला निघतात. अशा वेळी एखादी हमखास म्हणते, "तुम्ही या जाऊन, मी बघते सायकली."

का, ते कोणी विचारत नाही. खोल्या एकत्र, गोळ्या एकमेकींकडून मागून घेतलेल्या, सकाळी चहाच्या टपरीमागच्या संडासाबाहेर एकीने दुसरीसाठी पहारा दिलेला. सगळ्यांना ठाऊक असतं.

प्रश्न इथे सुरू होतो. घरी सासू असते, शेजारीण असते, देवघर असतं. राइडवर यातलं काहीच नसतं. पुजारी कुणाला विचारत नाही, विचारणार तरी कसा? तरीही ती पायरीपाशी थांबते. पाळायला लावणारं कोणी नसताना पाळीत देवळात न जाण्याचा नियम उरतो, तो श्रद्धा म्हणून की सवय म्हणून?

या नियमाच्या मुळाशी एक कथा आहे. तैत्तिरीय संहितेत इंद्र देवांचा पुरोहित विश्वरूप याला मारतो, त्याला ब्रह्महत्येचं पाप लागतं आणि तो ते तीन ठिकाणी वाटून टाकतो: पृथ्वी, झाडं आणि स्त्रिया. स्त्रियांच्या वाट्याचा तो तिसरा हिस्सा म्हणजे पाळी. गुन्हा एकाचा, हप्ते दुसरीने फेडायचे आणि तेही दर महिन्याला! पाळीच्या दिवसांत कळत-नकळत झालेल्या स्पर्शाचा दोष जावा म्हणून भाद्रपदात ऋषिपंचमीचं व्रत आलं. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, माणसाच्या हाताने पिकलेलंच खायचं. (सायकल बैलाशिवाय चालते, त्यामुळे ऋषिपंचमीच्या दिवशी राइडला शास्त्राची हरकत नसावी.)

नियमाचे समर्थक म्हणतात, बाईला विसावा मिळावा म्हणून ही सोय होती. ओडिशात रज पर्वाला असा विसावा खरोखरच दिसतो. तीन दिवस भूमी रजस्वला मानतात, नांगर जमिनीला लावत नाहीत आणि मुली नवे कपडे घालून झोपाळ्यावर बसतात. आपल्याकडे बाजूला बसलेलीची चूल सुटायची, पण अंगण आणि धुणं सुटेलच असं नव्हतं. आणि ज्या बाईने त्याच सकाळी पोटात कळ असताना घाट चढलेला आहे, तिला विसाव्याचं कारण सांगणं म्हणजे थट्टाच.

परंपरेच्या आतूनही याला उत्तर दिलं गेलं आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यिणींना समजावलं, की नाकातून शेंबूड येतो, कानातून मळ येतो, तसंच हेही शरीरातून येतं. त्याचा विटाळ कसला? पुढच्या शतकात संत चोखामेळ्यांच्या पत्नी, मंगळवेढ्याच्या सोयराबाईंनी आणखी मुळावर घाव घातला. विटाळावाचून देह जन्मालाच येत नाही, मग शुद्ध म्हणवणारा देह आला कुठून, असा त्यांचा सवाल. चोखोबांच्या घरातली बाई हे विचारते तेव्हा तो फक्त पाळीचा सवाल राहत नाही. जातीचा विटाळ आणि बाईचा विटाळ दोन्ही एकाच दोरीत ओवलेले आहेत, हे तिला जगण्यातून कळलेलं होतं.

या सगळ्यात एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. हा नियम चालतो तो फक्त बाईच्या खरेपणावर. शबरीमलैत दहा ते पन्नास वर्षांच्या स्त्रियांना सरसकट बंदी होती; वय कागदावर तपासता येतं, पाळी तपासता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. त्यातलं एकटं विरोधी मत न्यायपीठावरच्या एकमेव स्त्री न्यायमूर्तींचं होतं, हेही विसरून चालत नाही. पण हरिहरेश्वरच्या पायरीशी कोर्ट काय करणार? तिथे दारात कोणी उभंच नाही. ज्या क्षणी ती अशुद्ध ठरते, त्याच क्षणी ती खोटं बोलणार नाही यावर सगळ्या व्यवस्थेचा भरवसा असतो. सत्याला सर्वांत मोठा धर्म मानायचं आणि ते पाळणारीलाच बाहेर ठेवायचं, हा हिशेब काही जुळत नाही.

हरिहरेश्वरला आणखी एक नियम आहे. तिथली प्रदक्षिणेची वाट डोंगरातून पायऱ्या उतरून थेट समुद्रालगतच्या खडकांवर येते, त्यामुळे ती ओहोटीलाच करायची. भरतीत गेलं तर लाट ओढून नेईल. हा नियम पुरुषालाही आहे, पुजाऱ्यालाही आहे, आणि कोणीही खडकावर उभं राहून तो पडताळू शकतं.

थांबणारीच्या बाजूनेही बोलायला हवं. ती म्हणेल, एकादशी मी कुठे कोणाच्या धाकाने करते? हेही तसंच माझं. मुद्दा बिनतोड वाटतो, पण एकादशी मोडली तर देव बाटत नाही, आणि उपास करणारीला त्या दिवशी कोणी अपवित्र म्हणत नाही. व्रत घेणारीचा मान वाढतो. पायरीशी थांबणारी मात्र "उगाच बाटायला नको" म्हणून थांबते. तिला तसं करण्याचा पूर्ण अधिकार आहे, तिला ओढून आत नेणं ही दुसरी दांडगाई होईल. फक्त त्याला व्रत म्हणू नये.

दर्शनाहून परतलेल्या मैत्रिणी तिच्या हातावर प्रसाद ठेवतात आणि ती तो घेते. बाहेर थांबायचं, पण प्रसाद चालतो: ही तडजोड कुठल्या ग्रंथातली, हे कोणी सांगू शकत नाही. आत जाऊन आलेलींपैकी एखादी तिच्यासारखीच पाळीच्या दुसऱ्या दिवसात असते, आणि ती ते सांगूनही टाकते. मग फेरीबोटीवर वाद रंगतो. वेसवीला उतरल्यावरही तो चालूच असतो. केळशीच्या वाटेवर चढ लागला की थांबतो, कारण दम पुरत नाही.