समुद्रात गेलेल्याचे स्मरण

सज्जनहो, ज्याचा देह समुद्राने गिळला त्याचे स्मरण मागे राहिलेल्यांनी करायचे, म्हणजे नेमके काय करायचे? घरी मरण आले तर तोंडात तुळशीपत्र पडते, चौघे खांदा देतात, अस्थी नदीत जातात. समुद्राच्या तळाशी गेलेल्याचे यांतले काहीच होत नाही. शास्त्रकारांना ही अडचण ठाऊक होती. देह न सापडलेल्यासाठी त्यांनी पालाशविधी सांगितला. पळसाचे ३६० देठ घ्यायचे, त्यांची मनुष्याकृती मांडायची, कोणत्या अवयवाला किती देठ हेही ठरलेले, आणि मग तिला अग्नी द्यायचा. कोणाला यात नुसते कर्मकांड दिसेल. मला तर यात काळजी दिसते. माणूस नाहीसा झाला, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. मोजूनमापून त्याला निरोप द्यावा लागतो.

आता दृष्टांत पाहू. तो रशियातला आहे आणि घडलेला आहे. १२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात रशियन आरमाराचा युद्धसराव चालू होता. त्यात कुर्स्क नावाची अणुशक्तीवर चालणारी मोठी पाणबुडी होती. आत ११८ माणसे. एका टॉर्पेडोतले हायड्रोजन पेरॉक्साइड गळून स्फोट झाला. दोन-सव्वादोन मिनिटांत दुसरा, त्याहून कितीतरी भयंकर. पाणबुडी सुमारे १०८ मीटर खोल जाऊन तळाला टेकली. पुढच्या भागातले लोक तेव्हाच गेले. मागे, नवव्या कप्प्यात, २३ जण जिवंत गोळा झाले.

त्यांत दिमित्री कोलेस्निकोव्ह हा २७ वर्षांचा अधिकारी होता. लग्नाला काही महिनेच झाले होते. त्याने कागद घेतला, वेळ घातली, किती जण आहोत ते लिहिले, सर्वांची नावे लिहिली. चार शब्द बायकोसाठी लिहिले. पुढे उजेड राहिला नाही, तेव्हा अंधारात चाचपडत लिहिले. वाचण्याची आशा थोडीच आहे, निदान हे कोणी वाचेल. सर्वांना नमस्कार, निराश होऊ नये, असा त्याचा भावार्थ. ऑक्टोबरात पाणबुड्या माणसांनी काही देह वर आणले, तेव्हा तो कागद त्याच्याजवळ सापडला. पुढल्या वर्षी पाणबुडीही वर काढली. ११५ देह मिळाले, तिघांचे मिळाले नाहीत.

येथे कोणी वेदान्ती म्हणेल, महाराज, आत्मा अविनाशी. मग शोक कसला? बरोबर आहे. पण बाबा, हे ज्ञान आपला शोक आवरण्यासाठी आहे, आपले कर्तव्य चुकविण्यासाठी नाही. दिंडी मुक्कामाला पोचली की माणसे मोजतात. एक कमी भरला तर, आत्मा अमर आहे, चला पंगतीला बसू, असे म्हणतो का कोणी? कंदील देऊन माणूस मागे धाडतात!

दुसरा म्हणेल, शिपाईगडी होता, वीरगती मिळाली, झाले. हा पक्ष पहिल्यापेक्षा अवघड, कारण तो ऐकायला गोड लागतो. पण पाहा काय झाले ते. आरमाराने ही वार्ता १४ तारखेला प्रसिद्ध केली. अपघात आदल्या दिवशीचा सांगितला, बिघाड किरकोळ म्हटला, आतल्यांशी संपर्क आहे असेही सांगितले. परदेशाची मदत चार दिवसांनी स्वीकारली. २१ तारखेला नॉर्वेच्या माणसांनी झाकण उघडले, तो आत पाणीच पाणी. २००२ साली चौकशी मिटली. खटला एकावरही झाला नाही. अशा वेळी 'वीर' हा शब्द कोणासाठी वापरला जातो? मेलेल्याच्या मानासाठी, की जिवंतांची चूक झाकण्यासाठी? फुलांच्या राशीखाली देह दिसत नाही, तसे स्तुतीखाली सत्य दिसत नाही. तो पोरगा शूर होता यात संशय नाही. म्हणूनच त्याच्या शौर्याचे पांघरूण करू नये.

वर लोक तारीखसुद्धा खरी सांगत नव्हते, आणि खाली मरणाच्या दारात बसलेला एक तरुण वेळ आणि नावे बरोबर लिहीत होता. स्मरण कसे करावे ते त्यानेच दाखविले. नाव गाळू नये, संख्या चुकवू नये, आणि झाले ते खरे सांगावे. रडायला डोळे सर्वांनाच आहेत; हिशेब खरा ठेवायला मन लागते.

असो. तुमच्या गावातला कोणाचा मुलगा जहाजावर, खाणीत, कारखान्यात कामाला जाऊन परत आला नाही, तर सांत्वनाला अवश्य जा. पण त्याच्या आईपुढे एकदम ब्रह्मज्ञान काढू नका. आधी त्याचे नाव घ्या. तो कसा गेला, हे ती विचारील. ते शोधायला तिच्याबरोबर कचेरीच्या पायऱ्या चढा. निराश होऊ नका, असा निरोप त्या अंधारातून वर आला आहे. तो खरा करणे आता वरच्यांच्या हाती आहे.

रामकृष्णहरी.