धर्मगुरूचा सातबारा

बेन क्लासेन नावाच्या माणसाने १९७३ साली अमेरिकेत एक धर्म काढला आणि त्यात देव ठेवला नाही. परलोक नाही, प्रार्थना ऐकणारं कोणी नाही. वंश हाच धर्म. गोऱ्यांच्या हिताचं ते पुण्य, अहिताचं ते पाप. येशूची शिकवण म्हणजे गोऱ्यांना दुबळं करण्यासाठी ज्यूंनी रचलेला कावा, असं तो लिहीत असे. तरी संस्थेचं नाव ‘चर्च ऑफ द क्रिएटर’, १९८१च्या ग्रंथाचं नाव ‘द व्हाइट मॅन्स बायबल’, अनुयायी ‘रेव्हरंड’ आणि स्वतः क्लासेन ‘पाँटिफेक्स मॅक्सिमस’, म्हणजे महाधर्मगुरू! देवाला रजा दिल्यावर हा सरंजाम कशाला?

त्याचा जन्म १९१८ चा, युक्रेनमधल्या जर्मन भाषक मेनोनाइट वस्तीतला. शस्त्र हाती धरायचं नाही, हे या ख्रिस्ती पंथाचं व्रत. क्रांती, लुटालूट आणि दुष्काळ यांतून त्याचं कुटुंब बाहेर पडलं, ते मेक्सिकोमार्गे कॅनडात पोचलं. पोरवयातल्या या होरपळीतून त्याच्या द्वेषाचा उलगडा करण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. हजारो मेनोनाइट तीच वाट तुडवत गेले आणि पुढे निमूटपणे शेती करत राहिले.

मला क्लासेन कळतो तो व्यापारी म्हणून. इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला, कॅलिफोर्नियात जमिनींचे व्यवहार केले, डबे उघडायच्या विजेच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. फ्लोरिडात १९६६ साली तो रिपब्लिकन आमदार झाला. काही महिन्यांतच मतदारसंघांची फेररचना झाली आणि आमदारकी गेली. कट्टर कम्युनिस्टविरोधी जॉन बर्च सोसायटीही त्याला मवाळ वाटली. १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस या वर्णभेदवादी अध्यक्षीय उमेदवाराचा प्रचार केला, १९७० मध्ये स्वतःचा पक्ष काढला, तोही चालला नाही. मग धर्म. पक्षाला मतं मोजून दाखवावी लागतात. धर्माकडे कोणी हिशेब मागत नाही. त्यात अमेरिकेत श्रद्धेच्या प्रांतात शिरायला सरकार कचरतं. आणि पक्षाच्या पत्रकात जी नुसती शिवी ठरते, ती धर्मग्रंथात आज्ञा होते. ‘वांशिक पवित्र युद्ध’ ही क्लासेनची घोषणा. त्यातला ‘पवित्र’ हा शब्द काढला, तर उरते ती सरळ खुनाची चिथावणी.

१९८२ मध्ये त्याने उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरातल्या ऑटो गावी ठाण मांडलं. तिथून पुस्तकं तुरुंगांत आणि मुंडण केलेल्या ‘स्किनहेड’ पोरांपर्यंत जात. मे १९९१ मध्ये फ्लोरिडातल्या नेपच्यून बीच इथे वाहनतळावर बाचाबाची झाली आणि या चर्चच्या जॉर्ज लोब नावाच्या ‘रेव्हरंड’ने हॅरल्ड मॅन्सफिल्ड या कृष्णवर्णीय नौसैनिकाला गोळी घातली. मॅन्सफिल्ड आखाती युद्धातून सुखरूप परतला होता. लोबला जन्मठेप झाली.

पवित्र युद्ध पुकारणारा आता काय करतो? जमीन विकतो. नुकसानभरपाईचा दावा येणार हे दिसताच १९९२ मध्ये क्लासेनने ऑटोची मालमत्ता विल्यम पिअर्स या दुसऱ्या गौरवर्चस्ववादी पुढाऱ्याला एक लाख डॉलरला देऊन टाकली. खटला उभा राहण्याआधीच, ऑगस्ट १९९३ मध्ये, त्याने आत्महत्या केली.

पुढे मॅथ्यू हेल नावाच्या अनुयायाने हे दुकान दुसऱ्या पाटीखाली उघडलं. १९९९ मध्ये त्याच्या एका अनुयायाने इलिनॉय आणि इंडियानात गोळीबार करून दोघांना मारलं. संघीय न्यायाधीश बाईंच्या खुनाची सुपारी दिल्याबद्दल हेल स्वतः ४० वर्षांसाठी आत गेला.

पण ऑटोच्या जमिनीची गोष्ट अजून संपली नव्हती. मॅन्सफिल्डच्या घरच्यांना १९९४ मध्ये चर्चविरुद्ध दहा लाख डॉलरचा निकाल मिळाला, पण वसुली करायला चर्चकडे काही उरलंच नव्हतं. तेव्हा द्वेष पसरवणाऱ्या संघटनांविरुद्ध खटले लढवणाऱ्या सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटरच्या वकिलांनी जमिनीचा माग काढला. पिअर्सने तीच मालमत्ता १ लाख ८५ हजारांना विकली होती. हा व्यवहार भरपाई बुडवण्यासाठीच झाला, असा दावा त्यांनी पिअर्सवर लावला. १९९६ मध्ये ज्यूरीने तो मान्य केला आणि पिअर्सला मधला सगळा नफा, ८५ हजार डॉलर, भरायला लावला.