दोन अंगरखे

वचनभाग : लूक ३:१०-११; १ शमुवेल २:१८-१९; २ तीमथ्य ४:१३



यार्देनेकाठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे कडक भाषण ऐकून लोकसमुदाय हादरला आणि आता आम्ही काय करावे, असे त्याला विचारू लागला. पश्चात्तापाला शोभेल असे फळ कोणते, हे त्यांना समजून घ्यायचे होते. योहानाने त्यांना उपास सांगितला नाही, यात्रा सांगितली नाही, लांबलचक प्रार्थनाही सांगितली नाही. त्याने पहिली गोष्ट काढली ती कपड्यांची. दोन अंगरखे बाळगणाऱ्याने एक उघड्या माणसाला द्यावा. अन्नाचा विषय त्यानंतर आला; जकातदार आणि शिपाई त्याच्याही नंतर.

म्हणजे आपला पश्चात्ताप खरा की वरवरचा, हे पाहण्यासाठी योहान सरळ आपल्या घरात येतो आणि कपाटाचे दार उघडतो. आज आपणही त्याच्याबरोबर ते उघडून पाहू.

आपण गोविंदपुऱ्यात राहणारी माणसे. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते भोपाळच्या कारखान्याचे उद्घाटन झाले, आणि १९७४ साली ती कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे आपल्या ‘भेल’मध्ये, विलीन झाली. कारखान्याबरोबर पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा येथे क्वार्टर्स उभी राहिली. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही आली. त्या पिढीचा कपड्यांचा हिशेब साधा होता. पगार ठरावीक आणि ट्रंका मोजक्या. नाताळ जवळ आला की थानातून कापड फाडून घ्यायचे आणि शिंप्याकडे टाकायचे. मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवायचे, शिवणीत जादा कापड सोडायचे, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून मोठे करता येतात. थोरल्याचा सदरा धाकट्याला जायचा. आईची सुती साडी विरली की तिची गोधडी व्हायची, आणि त्यातूनही उरलेले कपडे बोहारणीला देऊन एखादे पातेले घरात यायचे. बोहारीण मोठी पारखी बाई! कपडा उजेडाकडे धरून विरलेला भाग ती क्षणात शोधून काढीत असे.

आज बाजार वेगळा आहे. २००-२५० रुपयांत नवा कुर्ता मिळतो, आणि रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर बोट टेकवले की तो तीन-चार दिवसांत दाराशी येतो. सेल वर्षभर चालूच असतो. दोन महिन्यांपूर्वी जी बाही चालत होती ती आता जुनी ठरते. कपाट भरून वाहते आणि तरीही रविवारी सकाळी घरातून आवाज येतो, “घालायला काही नाही!”

हे सांगून मी तरुणांची कानउघाडणी करणार आहे, असे कोणी समजू नये. स्वस्त कपड्यांमुळे गरिबाच्या मुलाच्या अंगावर धड सदरा आला, ही देवाची दयाच म्हणायची. ज्याच्या हातात महिनाअखेरीस ३०० रुपयेच उरतात त्याला १,२०० रुपयांच्या सदऱ्याचे गुण ऐकवणे ही निर्दयता होईल. तरुण मुलीने आवडीचा रंग ल्यावा, ह्यातही पाप नाही. रानातल्या फुलांना रंग देणाऱ्या देवाला रंगांचे वावडे नाही (मत्तय ६:२८-२९).

मग कपाटात काय असावे? पवित्र शास्त्रातली दोन वस्त्रे शेजारी शेजारी ठेवून पाहू या.

पहिले वस्त्र हन्नेच्या हातचे. शमुवेलाला तिने परमेश्वराच्या सेवेसाठी शिलो येथे सोडले; पण दरवर्षी यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेत असे. दरवर्षी नवा, कारण मुलगा वाढत होता. हे वस्त्र एका वर्षापुरते होते. ते आयुष्यभर टिकावे अशी अपेक्षा हन्नेने केली नाही. वाढत्या मुलाचे कपडे, शाळेच्या संमेलनापुरता लागणारा पोशाख, तरुणपणी एखाद्या वर्षाची हौस, ह्या गोष्टी अल्पकाळाच्या आहेत. तेथे मोठी रक्कम गुंतवणे शहाणपणाचे नाही. साधे, स्वस्त घ्यावे आणि आनंदाने वापरावे.

दुसरे वस्त्र पौलाचा झगा. मृत्यूची वाट पाहत बंदिवासात बसलेला प्रेषित तीमथ्याला सांगतो की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये. हिवाळ्यापूर्वी ये, असेही तो त्याच पत्रात लिहितो. ह्या मोठ्या सुवार्तिकाची चीजवस्तू ती किती? एक झगा आणि काही पुस्तके. पण तो झगा इतक्या दूरवरून मागवण्याच्या लायकीचा होता! थंडीत भरवसा ठेवावा असा, वर्षानुवर्षे अंगाला ओळखीचा झालेला. एका मोसमात विटणारा झगा कोणी समुद्रापलीकडून मागवीत नाही.

घराच्या कपाटात हन्नेचा झगाही असावा आणि पौलाचा झगाही असावा. अडचण कोठे होते? पौलाच्या झग्याची जागाही आपण एका वर्षाच्या कपड्यांनी भरून टाकतो तेव्हा. थंडीचा कोट, रोजच्या कामाचे कपडे, उपासनेची साडी किंवा सदरा, पायांतली वहाण, ह्या गोष्टी रोज किंवा वर्षानुवर्षे लागतात. त्या थोड्या असाव्यात, पण चांगल्या असाव्यात. साधा हिशेब करा. समजा, २५० रुपयांचा सदरा १० वेळा घालून विटला, तर एका वेळेचे २५ रुपये पडले. १,२०० रुपयांचा सदरा १५० वेळा घातला, तर एका वेळेला ८ रुपये. स्वस्त कोणता? ज्यांना एकरकमी खर्च झेपत नाही त्यांनी भिशीत थोडे थोडे टाकून वर्षाला एकच चांगली वस्तू घ्यावी. पाच वर्षांत पाच होतात.

येथे एक सावधगिरी हवी. किंमत मोठी म्हणजे कापड चांगले, असे नाही. पुष्कळदा आपण नावाचे पैसे देतो. बोहारणीची दृष्टी वापरा. कापड उजेडात धरा, शिवण हलके ताणून पाहा, काज-बटण तपासा, आत उसवण्यापुरते कापड सोडले आहे का ते बघा. डोळ्यांनी पारखायला पैसे पडत नाहीत.

आणखी एक हिशेब आहे, तो दुकानाच्या पावतीवर लिहिलेला नसतो. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ साव्हार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तिच्यात तयार कपड्यांचे कारखाने होते आणि तेथील कपडे परदेशांतल्या दुकानांत जात. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालची बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. १,१०० हून अधिक माणसे मेली. त्यांत स्त्रियाच अधिक होत्या. मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते, असे याकोब बजावतो (५:४). प्रत्येक स्वस्त कपड्यामागे असा अन्याय असतो असे मी म्हणत नाही. पण एखादी वस्तू अशक्य वाटावी इतकी स्वस्त मिळते तेव्हा तिची राहिलेली किंमत कोणी भरली, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाच्या मनात यावा.

उलट, आपल्याच मध्य प्रदेशात पाहा. चंदेरीचे विणकर रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा घेऊन हलकी, झुळझुळीत साडी विणतात. नर्मदेकाठी महेश्वर येथे अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात विणकरांना आश्रय दिला. तेथल्या साडीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो. आपल्या मराठी मंडळ्यांच्या इतिहासातही माग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी विणकराचे काम जलद व्हावे म्हणून सुधारलेला हातमाग तयार केला. अशी एखादी साडी दहा-पंधरा वर्षांतून एकदा घेतली तरी एका विणकराच्या घरची चूल पेटते, आणि ती साडी पुढे लेकीलाही नेसता येते.

तथापि टिकाऊ वस्त्राचाही मोह होतो. काही घरांत भारी साड्या डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत वर्षानुवर्षे पडून असतात. त्यांना ना ऊन लागत, ना देवाघरची वाट माहीत होत. कसर कोठे लागते, हे प्रभूने सांगून ठेवले आहे (मत्तय ६:१९). अरण्यात चाळीस वर्षे इस्राएलाचे कपडे जीर्ण झाले नाहीत (अनुवाद ८:४), पण ते कपडे बासनात बांधलेले नव्हते. उन्हात, धुळीत, रोजच्या चालीत ते अंगावर होते. दुसरा मोह गर्वाचा. भारी पोशाखाच्या माणसाला पुढची खुर्ची आणि मळक्या कपड्यांच्या माणसाला पायांशी जागा, असे करणाऱ्या मंडळीला याकोबाने कडक शब्दांत फटकारले आहे (२:२-४). माझा कपडा हातमागाचा आणि तुझा सेलमधला, असा तोरा मिरवला तर आपण बाही बदलली, मन बदलले नाही.

आता पुन्हा योहानाकडे येऊ. दोनांतला एक अंगरखा दे, असे तो म्हणतो तेव्हा एक गोष्ट त्याने गृहीत धरली आहे. दुसरा अंगरखा देण्याजोगा आहे! आज आपली खरी गरिबी येथे आहे. कपाटात चाळीस कपडे असतात आणि त्यांतला एकही दुसऱ्याच्या अंगावर घालण्याजोगा उरलेला नसतो. कोणाचा रंग गेला, कोणाची शिवण उसवली, कोणावर गोळे आले. दान म्हणून आपण ते गाठोडे बांधतो खरे, पण ती कपाटाची झाडलोट असते. यापो येथे दुर्कस वारली तेव्हा विधवा रडत पेत्राला तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखवू लागल्या (प्रेषितांची कृत्ये ९:३९). शिवणारी गेली होती, शिवण शाबूत होती. तिच्या प्रीतीची साक्ष त्या टाक्यांनी दिली.

म्हणून नवा कपडा हातात घेताना, हा मला कसा दिसेल, एवढेच विचारून थांबू नये. माझ्यानंतर हा कोणाच्या अंगाला ऊब देईल, हेही विचारावे. जो कपडा पुढे देता येईल तो बहुधा आपल्यालाही पुरतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना दोन शब्द. दर रविवारी तोच सदरा घालावा लागतो म्हणून शाळेत यायला लाजणारे मूल आपल्या वर्गात असू शकते. नाताळच्या सकाळी नव्या कपड्यांचे कौतुक करण्यापूर्वी त्या मुलाला शोधा, त्याला जवळ बसवा, त्याच्या पाठांतराचे कौतुक आधी करा. डिसेंबरच्या आरंभी एक धडा असा घ्या : प्रत्येक मुलाने घरातला एक जुना कपडा निवडावा आणि तो कोणी घेतला, कोणी कोणी वापरला, हे आजी-आजोबांना विचारून यावे. दुर्कसेची गोष्ट त्या दिवशी सांगा. मुलांना ती वेगळी समजावून द्यावी लागणार नाही. मग प्रत्येक घराने एकेक कपडा देण्यासाठी आणावा. भोपाळची थंडी तेव्हा वाढू लागलेली असते. स्वेटर असल्यास उत्तम. अट एकच असावी : तो आपण स्वतः घालून उपासनेला येऊ शकू असा असला पाहिजे. धुतलेला, बटणे लावलेला, इस्त्री केलेला. घेणारा कदाचित पुढच्या रविवारी तोच घालून आपल्याच बाकावर येऊन बसेल, आणि तेव्हा आपल्याला मान खाली घालावी लागू नये.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तू आम्हांला अन्नवस्त्र दिलेस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. निवडताना आम्हांला शहाणपण दे, वापरताना आनंद दे, आणि देताना आमचा हात आखडू देऊ नकोस. ज्यांच्या बोटांनी आमचे कपडे विणले व शिवले त्यांचे रक्षण कर, आणि त्यांची मजुरी त्यांना मिळो. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.