नाव देण्याचे मोल

ज्याला नाव नाही ते आपल्या व्यवहारात जवळजवळ नसल्यासारखेच असते. बाराव्या दिवशी बारसे झाले की तान्ह्या जिवाला घराण्यात जागा मिळते. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढले की कुळाला कायद्यात जागा मिळते. शासकीय सेवेत उमेदीची वर्षे घालविलेल्या आम्हांसारख्यांना या दुसऱ्या प्रकारच्या नावाचे सामर्थ्य चांगले ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा माणूस, केवळ रकाना रिकामा म्हणून, कागदोपत्री परका ठरतो. म्हणूनच एखाद्या अनोळखी जिवाला प्रथमच नाव देण्याच्या कृतीकडे शास्त्रज्ञांचा छंद एवढ्याच दृष्टीने पाहणे आम्हांस जमत नाही. त्या कृतीत एक नैतिक पेच आहे. प्राणिशास्त्रात नव्या जातीचे नामकरण करावयाचे तर बहुधा त्या जातीचा एक तरी जीव आधी मारावा लागतो. ज्याची नोंद करावयाची त्याचाच प्राण घ्यावयाचा, हे कितपत योग्य?

वाघ-हत्तींचे उदाहरण घेतले तर आपल्या भावना आपोआप त्यांच्या बाजूने उभ्या राहतात आणि विचार मागे पडतो. म्हणून आम्ही मुद्दाम एक क्षुद्र जीव घेतो. इंग्रजीत जिला ‘डान्स फ्लाय’ म्हणतात तिला आपण नाचरी माशी म्हणू. लांबी बहुधा काही मिलिमीटर. ओढ्याच्या पाण्यावर किंवा झाडाच्या आडोशाला या माश्यांचे थवे हवेत वरखाली नाचताना दिसतात, त्यावरून हे नाव. त्यांचा विवाहविधी मोठा विलक्षण आहे. अनेक जातींत नर एखादा कीटक पकडून मादीला नजर करतो आणि मीलन चालू असताना ती तो खाते. काही जातींतला नर आपल्या पुढच्या पायांतून निघणाऱ्या रेशमात ती भेट गुंडाळतो. युरोपातील एका जातीत तर गुंडाळणी तेवढी उरली आहे. आत काहीच नसते. रेशमाचा पोकळ फुगा, आणि तोही स्वीकारला जातो! मानवी समारंभांची आठवण कोणाला झाली तर आम्ही त्यास दोष देणार नाही.

या कुळातील तीन हजारांहून अधिक जातींची वर्णने आजवर झाली आहेत. लिनियसने १७५८ साली त्यांतील पहिल्यांची नोंद केली. भारतातील जातींचा मोठा आढावा १९२० साली एन्रिको ब्रुनेत्ती यांनी ‘ब्रिटिश भारताची प्राणिसृष्टी’ या ग्रंथमालेत घेतला. हे गृहस्थ पेशाने संगीतकार, कलकत्त्यात अनेक वर्षे राहिलेले. माश्यांचा अभ्यास हा त्यांचा व्यासंग. नाचऱ्या माश्यांना त्यांचा वर्णनकार वादकांतून मिळावा हा योगायोग गोड आहे. परंतु काम मात्र रुक्ष. पायांवरील केसांची मांडणी, पंखांतील शिरांचे जाळे, आणि नराच्या जननेंद्रियाची रचना ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, मोजून, चित्रे काढून, जवळच्या जातींशी ताडून मगच ‘ही नवी’ असे म्हणता येते. ज्या एका नमुन्यावर नाव आधारलेले असते तो मूळ नमुना संग्रहालयात कायमचा जतन केला जातो. शेजारी चिठ्ठी असते: स्थळ, तारीख, संग्राहक.

या पद्धतीचे समर्थन आम्हांस दफ्तरातील अनुभवावरून सहज उमगते. नक्कल कितीही स्वच्छ असली तरी वाद उभा राहिला की मूळ दस्तऐवज मागितला जातो. शंभर वर्षांनी एखाद्या अभ्यासकास शंका आली, ब्रुनेत्तींच्या काळी नसलेले नवे साधन हाती आले, तर तो पुन्हा त्या मूळ नमुन्याकडेच जाणार. वर्णन हे वर्णनकाराचे मत असते. नमुना हा पुरावा असतो. आपला २००२ सालचा जैवविविधता कायदाही हेच सांगतो. नव्या जातीचा शोध लागला तर तो नियुक्त संस्थेस कळवावा आणि नमुना तिच्याकडे जमा करावा, असे त्याच्या ३९व्या कलमात म्हटले आहे.

तथापि ‘कायदा सांगतो’ एवढ्याने नैतिक प्रश्न मिटत नसतो. दुसरी वाट चोखाळणारेही निघाले आहेत. पुण्यात खगोलशास्त्राचे संशोधन करणारे रमण अथ्रेय यांना अरुणाचल प्रदेशात बुगुन लिओसिक्ला हा नवा पक्षी आढळला. त्याची संख्या इतकी थोडी दिसली की एकही मारणे त्यांना मान्य झाले नाही. जाळ्यात गळालेली पिसे, छायाचित्रे आणि टिपणे यांच्या आधारे त्यांनी २००६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले व पक्षी सोडून दिला. पुढे २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतील एका माशीचे वर्णन केवळ छायाचित्रांवरून झाले, तेव्हा शास्त्रज्ञांत बराच वाद माजला. पक्ष्याचे रंग छायाचित्रात मावतात. माशीची ओळख जिथे दडलेली असते तो भाग मात्र पुष्कळदा उघडून पाहिल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा एकच नियम सर्वांस लावणे न्याय्य नव्हे. जिथे जीव दुर्मीळ आणि बाह्यरूपावरून ओळखण्याजोगा, तिथे न मारणे हाच धर्म. जिथे थवेच्या थवे आहेत आणि दुसरा मार्ग नाही, तिथे गरजेपुरते मोजके नमुने घेणे आम्ही क्षम्य मानतो. क्षम्य म्हणजे निर्दोष नव्हे. घेतलेल्या प्राणाच्या बदल्यात काही देणे लागते, ही जाणीव त्या शब्दात आहे.

हा प्रश्न आमच्या पेडणे-डिचोलीच्या वाचकांना दूरचा वाटू नये. आपले जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात उजाड दिसतात, म्हणून कागदावर त्यांना पडीक म्हणण्याची चाल पडली. पाऊस पडला की त्याच कातळावर डबकी साचतात, गेंद आणि सीतेची आसवे फुलतात, कीटक घोंगावू लागतात. गोव्याच्या परिसरातून ‘गोमंतकी’ नावाच्या बेडकाचे वर्णन २०१५ साली झाले. पुढल्या दोन-तीन वर्षांत येथल्या सड्यांवरील आणखी एका बेडकाची भर पडली. त्याच्या नावात तर ‘गोंयची’ हा आपला शब्दच शास्त्रीय पेहराव घालून बसला आहे. सत्तरीतील केरी येथील, गांडुळासारख्या दिसणाऱ्या एका पायहीन उभयचराला २००७ साली गोव्याचे नाव लाभले. बेडकांची ही कथा, तर माश्यांची काय असेल!

मोपाच्या पठारावरील विमानतळाची पर्यावरणीय मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली, ती तेथील निसर्गाविषयीची आवश्यक माहिती नीट मांडली गेली नव्हती म्हणून. जानेवारी २०२० मध्ये अटींसह स्थगिती उठली आणि २०२३च्या आरंभी विमाने उडू लागली. विमानतळ हवा की नको हा येथे आमचा विषय नाही. लोकांना सोयी हव्यात, रोजगार हवा, हे आम्ही जाणतो. डिचोलीच्या खाणींनी किती घरे पोसली हेही आम्ही पाहिले आहे. आमचे म्हणणे एवढेच की कोणत्याही पठारावर यंत्र चढण्यापूर्वी तिथे कोण राहते ही यादी पुरी असावी. ज्याचे नाव यादीत नाही त्याच्या वतीने कोणी हरकत घेऊ शकत नाही.

येथे एक पळवाट मात्र बंद केली पाहिजे. यंत्राखाली लक्षावधी जीव चिरडले जातात, मग अभ्यासकाने दहा मारले तर काय बिघडले, असा युक्तिवाद ऐकू येतो. दुसऱ्याच्या मोठ्या पापाने आपले लहान पाप धुतले जात नाही. उलट, अभ्यासकाची कृती समर्थनीय ठरते ती तिच्यातून संरक्षणाची शक्यता निर्माण होते म्हणून. ती शक्यता प्रत्यक्षात आणणे हे एकट्या अभ्यासकाचे काम नव्हे. ते ग्रामपंचायतीचे, तिच्या जैवविविधता समितीचे, शासनाचे, आणि नव्या जातीची बातमी वाचून ‘आपल्या गोव्याचे नाव झाले’ म्हणून सुखावणाऱ्या आपणां सर्वांचे आहे.

नाचरी माशी आपल्या नावाची वाट पाहत नाही. आपण जागे होण्यापूर्वीपासून ती ओढ्यावर नाचत होती. नावाची गरज आहे ती आपल्याला, कारण नावावाचून आपल्याला जबाबदारी ओळखता येत नाही. मात्र नाव देऊन आपण थांबलो, नमुना पेटीत आणि अहवाल कपाटात ठेवून सड्याकडे पाठ फिरवली, तर आपली ही भेट त्या युरोपीय माशीच्या फुग्यासारखी ठरेल: बाहेरून रेशमी, आत रिकामी. आणि त्या पोकळ भेटीसाठी एका जिवाने आपला प्राण मोजलेला असेल.