कोणाइतकं?

जगात भांडणं 'जास्त' आणि 'कमी' यांवरून होतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. माझा बँकेतला वीस वर्षांचा अनुभव सांगतो, की खरी भांडणं 'इतकंच' या शब्दावरून होतात. शेजारच्या टेबलावरच्याला दुप्पट पगार असला, तर माणूस त्याला नमस्कार करतो. आपल्याइतकाच असला, तर त्याच्या रजा मोजत बसतो.

या 'इतका'शी माझी नव्याने ओळख झाली ती स्पॅनिशमुळे. गोंदियात राहून स्पॅनिश कशाला, असं विचारू नका. आमची कन्या मोबाइलवर ती शिकते आणि धडे मोठ्याने म्हणते. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे आम्ही उभयता फुकटात शिकतो. तर तिकडे 'मारिया हुआनइतकी उंच' म्हणायचं झालं, की 'उंच'च्या आधी 'तान' येतो आणि नंतर 'कोमो'. पण गोष्ट पुस्तकांची किंवा पैशांची निघाली, की 'तान' जाऊन 'तांतो' येतो. आणि तो नामाचं लिंगवचन पाहून तांता, तांतोस, तांतास असा बदलतो. मला हे मुळीच परकं वाटलं नाही. आपल्याकडेही तुझ्याइतका तांदूळ, तुझ्याइतकी तूर, तुझ्याइतक्या नोटा! काम समानतेचं, पण समोर कोण आहे ते पाहून रूप बदलायचं.

खरी मौज पुढेच आहे. 'मी साहेबांइतका हुशार नाही' या वाक्याचा अर्थ काय? गणिताने पाहिलं, तर मी साहेबांपेक्षा जास्त हुशार असण्यालाही त्यात जागा आहे. पण आजवर एकाही साहेबाला ती शंका आलेली नाही. मराठीत काय नि स्पॅनिशमध्ये काय, 'इतका नाही' म्हणजे कमीच! ज्याच्या नावाला 'इतका' चिकटतो तो माप, दुसरा मोजला जाणारा. तांदूळ वजनाइतका भरला का, हे सगळे पाहतात. वजन तांदळाइतकं भरलं का, हे कोण विचारतो?

एकदा एक शेतकरी मुलीचं खातं उघडायला आला. कौतुकाने म्हणाला, "पोरगी पोराइतकीच हुशार आहे जी, बाबूजी."

मी म्हटलं, "म्हणजे पोरगाही पोरीइतका हुशार असेल."

तो गोंधळला. "त्याचं काय विचारता जी? तो पोरगाच आहे!"

पोरगी मुकाट्याने फॉर्मवर सही करत होती.

2018 साली स्टॅनफर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेच तपासून पाहिलं. 'मुली गणितात मुलांइतक्याच चांगल्या' हे वाक्य वाचून लोकांचा ग्रह उलट असा होतो, की मुलंच मुळात चांगली असणार. स्तुतीच्या पुडीत कमीपणा बांधलेला! आमच्याकडे भाताची रोवणी बायकाच करतात. पण 'पुरुष बाईइतकी रोवणी करतो' असं कौतुक मी अजून ऐकलेलं नाही.

मग हा शब्द टाकूनच द्यावा? तसंही नाही. 2005 साली वारसा कायदा बदलला, तेव्हा वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. तिथेही माप मुलाचंच; कारण हिस्सा तोवर त्याच्याकडे होता. जमीन मिळवायची तर माप दाखवावंच लागतं. पण माणसाची किंमत म्हणजे जमीन नव्हे. घटनेच्या चौदाव्या कलमाने कायद्यापुढे समानता दिली, ती कोणाइतकी हे सांगितलंच नाही. मला त्यात मोठं शहाणपण दिसतं.

कॉमर्सच्या माणसाला हे लवकर पटावं. खतावणीत जमा आणि नावे जुळतात, तेव्हा कोणती बाजू कोणाइतकी, असा प्रश्न नसतो. फरक निघाला, तर दोन्ही बाजू तपासतात.

हे सगळं मी आमच्या सौ.ना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान जमलंय. अगदी खऱ्या लेखकाइतकं!"